ठकूचा मुक्काम

त्या सकाळी आकाश इतकं निरभ्र होतं की धरणाच्या पाण्यापलीकडे चरणाऱ्या म्हशीसुद्धा कोणाच्या ते ओळखू येत होतं. तरी माझ्या बायकोने फोनवर ‘वादळाची शक्यता’ या ओळीवर अंगठा टेकवला, खालचं ‘मुक्काम’ दाबलं, आणि दुधाखालचा गॅस बारीक करावा इतक्या सहजपणे फोन फळीवर ठेवून ती भाकरी थापायला बसली.

“कुठंय वादळ?” मी विचारलं.

“येतंय,” रंजना म्हणाली. “तुम्हाला सगळंच दिसतंय व्हय?”

मी आयुष्यभर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. हवेचा दाब, वाऱ्याची दिशा, ढगांचे प्रकार, सगळं माझ्याकडून शिकून पोरं मोठी झाली. एकजण तर हवामान खात्यातच लागला. पण घरात माझ्या विज्ञानाला कोणी विचारत नाही, म्हणून मी गप्प बसलो. शिवाय तिने ते बटण कशासाठी दाबलं ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून मलाही ते थोडंसं हवं होतं.

ज्या पक्षिणीला तो हुकूम गेला, तिचं नाव ठकू. पट्टकादंब हे तिच्या जातीचं पुस्तकी नाव. पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, करडं अंग, पिवळी चोच. आमच्या घोटेवाडीत या सगळ्यांना सरसकट राजहंस म्हणतात, आणि कोणी चूक सुधारायला गेलं तर त्यालाच वेड्यात काढतात. थंडी पडली की हे पक्षी लडाखकडून हिमालय ओलांडून आमच्या धरणाच्या फुगवट्यावर येतात. काठावरचा हरभरा आणि गहू खातात, आमच्या शिव्या खातात आणि उन्हं तापायला लागली की परत जातात.

ठकूच्या मानेमागे, पिसांखाली, एक प्रक्षेपक आहे. माझ्या तरुणपणी असे प्रक्षेपक म्हणजे पक्ष्याच्या पाठीवर दप्तर बांधल्यासारखा प्रकार असे. पट्टे, सौरपट्टी, मागे लोंबणारी तार, आणि ते सगळं घेऊन पक्षी बिचारा उडायचा. आताचा प्रक्षेपक कपाळावरच्या टिकलीएवढा असतो, म्हणून सगळे त्याला टिकलीच म्हणतात. त्याला बॅटरी नाही. पक्ष्याच्या अंगाची ऊब आणि पंखांची हालचाल यांतून तो आपल्यापुरती वीज काढतो. पक्षी कुठे आहे, किती उंचीवर आहे, त्याचं काळीज किती वेगाने चाललंय, हे सगळं तो उपग्रहांना कळवतो. पक्षी फार थकला, अंगातली ताकद एका मर्यादेखाली गेली, की त्याच्यावर भार नको म्हणून टिकली आपणहून गप्प होते. पुन्हा अंगात जीव आला की बोलायला लागते. नाही आला, तर बोलत नाही.

ही टिकली ठकूला आमच्या कार्तिकीने बसवली. कार्तिकी आमची एकुलती एक लेक. भोयाच्या घरातली पोर, पाण्यावरच वाढली. चालायच्या आधी होडीत बसायला शिकली. पुढे पक्ष्यांचा अभ्यास केला आणि लेहजवळच्या एका पक्षी-केंद्रात नोकरीला लागली. टिकलीवाल्या प्रत्येक पक्ष्यामागे हिवाळी मुक्कामाच्या गावातलं एक माणूस ‘पालक’ म्हणून नेमायचं, ही त्या केंद्राची पद्धत. कार्तिकीने ठकूपुढे आईचं नाव घातलं.

“आई, हिवाळाभर ही तुझ्याकडं, उन्हाळाभर माझ्याकडं,” ती म्हणाली होती. “आपल्या दोघींत एक.”

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात ठकूचं काळीज वाजतं. फोनवर ते ऐकायची सोय आहे, आणि रंजनाला ते ऐकल्याशिवाय कणीक मळता येत नाही. उन्हाळ्यात ठकू हजारभर मैलांवर असली तरी सकाळी पहिला प्रश्न असतो, “खाल्लं का हो तिनं?” टिकली खाण्याचं काही सांगत नाही, हे मी दरवर्षी सांगतो. ती म्हणते, “आवाज भरल्यापोटीचा वाटतोय.”

आता ‘मुक्काम’ म्हणजे काय, ते सांगतो. पक्ष्याच्या डोळ्यात, पडद्याच्या पेशींमध्ये, एक प्रथिन असतं. त्यावर उजेड पडला की त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या अशा काही डोलायला लागतात की पृथ्वीच्या चुंबकत्वाचा हलकासा स्पर्शही त्यांना कळतो. थोडक्यात, पक्ष्याला उत्तर दिशा दिसते, आपल्याला सावली दिसावी तशी. सूर्य आणि तारे यांचाही त्याला उपयोग होतो, पण तो सगळा हिशोब जुळवून घ्यायचा तो याच होकायंत्राशी. फार पूर्वीच शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं की अगदी क्षीण रेडिओलहरींनीही हे होकायंत्र बिघडतं. पुढे कोणाच्या तरी डोक्यात आलं की जे बिघडवता येतं ते हवं तेव्हा, हवं तेवढं बिघडवता येईल. मग टिकलीच तशा लहरी सोडू लागली. पवनचक्क्यांकडे निघालेला थवा थोडा बाजूला वळवायचा, पुढे वादळ असेल तर दिशा धूसर करून पक्ष्याला आहे तिथेच थांबवायचं. यात लाखो पक्षी वाचले, हे नाकारून चालणार नाही. पालकाच्या फोनवर मात्र वळवायची सोय नव्हती, फक्त थांबवायची होती. कारण निवडायचं, अंगठा टेकवायचा, की मुक्काम.

केंद्रातल्या लोकांनी सगळा विचार केला होता. फक्त लेकीची माय त्यांच्या हिशोबात नव्हती.

झालं होतं असं. कार्तिकीने लडाखमध्येच लग्न ठरवलं, तिथल्याच शाळेतल्या शिक्षकाशी, स्तंझिनशी. मुलगा शांत आणि निर्व्यसनी, वर आमच्यातलाच म्हणजे मास्तर. मला पहिल्या फोनमध्येच आवडला. पण रंजना तेव्हा बोलून गेली, “तिकडंच राहायचं ठरवलंयस तर रहा की. आमाला कशाला विचारतीस?” लग्न पुढे घोटेवाडीतच झालं, बँडबाजा लावून झालं, नवरदेवाला होडीतून मिरवलं. ते वाक्य मात्र मायलेकींच्या मधे राहिलं. दोघीही रोज फोन करत, दोघीही त्या वाक्याला वळसा घालून बोलत.

आणि या वर्षी कार्तिकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे चर्चेला जागाच नसते. रंजनाने दिवाळीपासून जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. सातव्या महिन्यात आणायचं, ओटी भरायची, तोवर गावची जत्राही येते. चैत्रातल्या आमच्या जत्रेला गावच्या सगळ्या लेकी येतात आणि पालखी उठल्याशिवाय कोणी आपली लेक सासरी धाडत नाही. जावई कितीही मोठा असो, मांडवात बसून वाट बघतो.

फाल्गुनात कार्तिकीचा फोन आला. मी शेजारीच होतो.

“आई, जत्रेला जमेलसं वाटत नाही गं. नेमके तेव्हाच पक्षी इकडे पोचतात. ठकूचा थवा आला की मला इथं असावं लागतं. आणि मग पुढं दिवस भरत येणार, तेव्हा प्रवास...”

एवढं बोलून ती थांबली. मला आजही वाटतं, ती कशाची तरी वाट बघत होती.

“बरं,” रंजना म्हणाली.

आमच्या घरात ‘बरं’ हा फार जड शब्द आहे. त्यानंतर दोन दिवस भाज्यांना मीठ नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती निरभ्र सकाळ उजाडली. थव्यांची पाण्यावर चुळबुळ सुरू झाली होती, निघायची वेळ आली होती. आणि रंजनाने मुक्काम दाबला. दुपारी जेवताना तिने मला आपला बेत सांगितला, अगदी शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसा.

“ठकू पोचली न्हाई तर हिला तिथं काम काय? कुणाची वाट बघत बसंल? केंद्रवालेच म्हणतील, जा बाई, ती पक्षीण का आली न्हाई बघून ये.”

“आणि ठकूचं काय?”

“तिचं काय व्हतंय? माहेरीच हाय की. पाणी हाय, हरभरा हाय. जत्रा बघून जाईल.”

मी हसलो. हसायला नको होतं, पण तिच्या त्या युक्तीत एवढी माया होती की मला रागावता येईना. शिवाय मलाही लेक बघायची होती.

दोन-तीन दिवसांत थवे उठले. आमच्या बायकांची एक जुनी पद्धत आहे. राजहंस निघाले की काठावर जाऊन पाण्यात मूठभर गहू सोडायचे, लेकीला शिदोरी द्यावी तसे. या वर्षीही त्या गेल्या. थवा वर उठला, बाणासारखा झाला, उत्तरेला वळला. त्यातून एक पक्षीण मागे फिरली, पाण्यावर दोन गोल घिरट्या घातल्या आणि खाली बसली.

“अगं बाई, ठकू ऱ्हायली!” मथुराकाकू ओरडल्या. या आमच्या शेजारीण, गावभराच्या बातमीदार. “रंजे, तुझी ठकू जत्रेला ऱ्हायली!”

बायकांना कोण आनंद झाला! माहेरवाशीण राहिली म्हणून एकीने तर हळदीकुंकू आणून पाण्याला वाहिलं. रंजना कौतुकाने फुलली होती. मी मात्र दुसरीकडे बघत होतो. थव्यातून आणखी एक पक्षी मागे वळला होता. तो ठकूचा नर. पट्टकादंबांची जोडी आयुष्यभराची असते. त्याला टिकली नव्हती. त्याचं होकायंत्र लख्ख होतं, त्याला उत्तर स्पष्ट दिसत होती. तो आला आणि ठकूच्या शेजारी पाण्यावर उतरला.

त्या आठवड्यात कार्तिकीने मला एकट्याला फोन केला.

“आप्पा, तिकडं हवा कशी आहे?”

“बरी आहे.”

“ढग वगैरे?”

आता मी तिला हवेचा दाब शिकवलेला माणूस.

“आहेत थोडे,” मी म्हणालो.

“बरं,” कार्तिकी म्हणाली आणि दुसरंच काहीतरी बोलू लागली. ‘बरं’ तिने आईकडूनच घेतलंय.

चैत्र लागला. ऊन असं तापलं की धरणाचं पाणी रोज हातभर मागे सरकू लागलं. काठ उघडे पडले, हरभरा केव्हाच निघून गेला होता. संध्याकाळ झाली की ठकू उठायची. वर जायची, उत्तरेला तोंड करायची, आणि थोड्या अंतरावर गेली की तिला काहीतरी व्हायचं. पंखांची लय चुकायची. ती डावीकडे वळायची, उजवीकडे वळायची, गोल फिरून पुन्हा खाली. नर तिच्याबरोबर वर जायचा, तिच्याबरोबर खाली यायचा. सरळ गेला असता तर त्याला कोणी अडवणार नव्हतं.

रंजनाने संध्याकाळी काठावर जाणं बंद केलं. पण काळीज फळीवर वाजतच होतं. आधी ते बसलेल्या पक्ष्यासारखं संथ असायचं. आता पक्षीण पाण्यावर बसलेली असली तरी ते डोंगर चढत असल्यासारखं पळत होतं. प्रवासाची वेळ झाली की पक्ष्याचं सगळं अंग तयारीला लागतं, चरबी साठते, काळीज वाढतं, झोप उडते. ती तयारी उडण्यात खर्च झाली नाही तर आतल्या आत जाळत राहते. हे मी तिला समजावून सांगणार होतो. तिने हात वर करून मला थांबवलं.

“मला कळतंय,” ती म्हणाली.

त्याच दिवशी कार्तिकीने तपासणीतला एक आवाज पाठवला. बाळाच्या काळजाचे ठोके. रंजनाने तो ऐकला, पुन्हा ऐकला, मग फोन उलटा करून ठेवला आणि बराच वेळ चुलीपुढे नुसती बसून राहिली. चूल विझलेली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत ती उठली. “चला काठावर,” म्हणाली.

मथुराकाकू दारातच भेटल्या. जत्रेच्या मांडवाचे बांबू रस्त्यावर पडले होते. आम्ही कुठे निघालो ते कळल्यावर काकूंनी डोळे मोठे केले. “अगं, पालखी उठायच्या आधी पाठवतीस? कुणी लेक धाडतं व्हय अशी?”

“धरून ठिवलेली लेक असती का काकू?” रंजना म्हणाली. “ती तर कैदीण झाली.”

पाण्याजवळ आम्ही उभे राहिलो. दोन पक्षी चिखलाच्या पट्ट्यावर शेजारी शेजारी बसले होते. ठकूची मान बारीक दिसत होती. रंजना तिच्याकडे बघत नव्हतीच, ती नराकडे बघत होती.

“याला कुणी दाबलंय व्हय मुक्काम?” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “याला कुणीबी धरलेलं न्हाई, तरी ऱ्हायलाय. आणि मी पोटच्या पोरीला आणायला हिचा गळा धरलाय.”

तिने फोन काढला आणि मुक्काम उठवला. मग कमरेची पुरचुंडी सोडून गहू पाण्यात टाकले. बराच वेळ काही झालं नाही. उन्हं कलली तशी ठकू उठली. वर गेली, उत्तरेला तोंड केलं. तिने एकदा मान हलवली आणि सरळ गेली. नर तिच्या मागे, थोडा डावीकडे. दोघंच. दोघांचा काही थवा होत नाही.

पुढचे दिवस आमच्या घरात फोनवरच गेले. थव्याबरोबर उडताना पुढच्या पक्ष्याच्या पंखांमागची हवा मागच्याला उचलून धरते, म्हणून एवढा पल्ला झेपतो. यांना ती सोय नव्हती. वर राजस्थानात उन्हाची लाट होती. चंबळेच्या काठी त्यांनी मुक्काम केला, यावेळी स्वतःच्या मर्जीने. रंजना विचारायची, “खाल्लं असंल का?” आणि मी पहिल्यांदाच म्हणालो, “खाल्लं असेल.” मग हिमाचलात पोंग धरण. तिथे दोन दिवस विसावा. तिसऱ्या दिवशी पहाटे ठकू उठली आणि बर्फाच्या डोंगरांकडे निघाली. नकाशावरचा ठिपका वर सरकला, आणखी वर सरकला. उंचीचा आकडा वाढत गेला. काळीज असं काही वाजत होतं की रंजनाने फोन छातीशी धरला होता.

आणि मग आवाज बंद झाला.

“टिकली गप्प झाली,” मी म्हणालो. “थकली असेल. असं होतं.”

“पुन्ना बोलंल?”

“बोलेल.” मला माहीत नव्हतं.

जत्रा आली. लेकी आल्या, त्यांची पोरं आली, पाळणे आले, गोडीशेव आली. रंजना पालखीला पाया पडली आणि घरी येऊन फोन घेऊन बसली. रात्रीचा तमाशा, सकाळच्या कुस्त्या, सगळं होऊन मांडव उतरला, तरी फळीवर आवाज नव्हता. कार्तिकीशी ती रोज बोलत होती, पण ठकूचं नाव दोघीही काढत नव्हत्या.

एका सकाळी तिने शिवलेली सगळी दुपटी, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा असं बोचकं बांधून माझ्यापुढे ठेवलं.

“मला लेहला न्या,” ती म्हणाली. “जे केलंय ते फोनवर सांगायची गोष्ट न्हाई. तिच्या तोंडावर सांगते. मग ती काय म्हणंल ते म्हणंल.”

आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली माझी बायको खाली बर्फाचे डोंगर आल्यावर खिडकीला जी चिकटली ती उठेचना. मला कळत होतं ती काय शोधते आहे. एवढ्या पांढऱ्यात एक करडा पक्षी कसा दिसणार, पण मीही शोधत होतो.

विमानतळावर स्तंझिन पांढरं रेशमी वस्त्र घेऊन उभा होता. त्याने ते आधी रंजनाच्या गळ्यात घातलं आणि पाठ करून आल्यासारखं म्हणाला, “आई, दमलात का?” लग्नात त्याच्याशी चार शब्द न बोललेली रंजना म्हणाली, “न्हाई रं बाबा, तूच वाळलास की.” त्याला कळलं नाही, पण त्याने मान डोलावली. कार्तिकी घरी दारात उभी होती, पोट पुढे, गाल लाल. मायलेकींनी एकमेकींना धरलं, आणि काही वेळ मला नि जावयाला बोचकी मोजण्याखेरीज काम उरलं नाही.

रंजना तिथल्या तिथे सगळं सांगायला निघाली होती, पण कार्तिकीने तिला दटावून झोपवलं. तिथली हवा विरळ, नव्या माणसाने दोन दिवस पडून राहायचं असतं. आम्ही पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रंजना घाबरून उठून बसली.

“अवं, माझं काळीज बघा कसं वाजतंय! काय व्हतंय मला?”

मी तिचा हात धरला, नाडी बघितली. नाडी बरी होती. धडधड उशीखालून येत होती. फोनमधून.

तेवढ्यात कार्तिकी आतून आली, पोटावर हात धरून, जमेल तेवढी पळत. “आई, सिंधूच्या काठावर आहे! इथनं जवळच!”

स्तंझिनने गाडी काढली. सिंधू नदी तिथे रुंद, उथळ होऊन गवतातून वाहते. हिरवळीच्या त्या पट्ट्यावर कितीतरी पक्षी होते, जोड्या जोड्यांनी. पलीकडे, एका बाजूला, दोन होते. ठकूची छाती आत गेली होती, एका पंखाची पिसं विस्कटली होती. ती चरत होती. नर मान वर करून राखण करत होता.

“जगली गं बया,” रंजना म्हणाली आणि ओल्या गवतातच खाली बसली.

कार्तिकी दुर्बिणीतून बघत राहिली. “घरट्यांच्या जागा वरच्या तळ्यावर असतात. त्या केव्हाच भरल्या,” ती हळूच म्हणाली. “अंगात ताकदही राहिलेली नाही. यंदा ही अंडी घालणार नाही.”

रंजनाने ते ऐकलं. पदराने डोळे पुसले आणि लेकीकडे तोंड केलं.

“ते माझ्यापायी. वादळबिदळ काय नव्हतं, कार्ते. मी मुद्दाम दाबलं. तू यावीस म्हणून. तुझी पक्षीण मरता मरता वाचली ती माझ्यापायी. आता तुला काय बोलायचं ते बोल.”

कार्तिकीने दुर्बीण खाली घेतली.

“माहितीय, आई. मला पहिल्याच दिवशी दिसलं. कुठल्या पालकानं कधी आणि का दाबलं, ते सगळं माझ्याकडं येतं. खरंच वादळ आहे का ते तपासायचं, नसेल तर मुक्काम उठवायचा. तेच तर माझं काम. इथनं एका बोटानं उठवता आला असता.”

मला ढगांबद्दलचा तो फोन आठवला आणि माझे कान तापले.

“मग का न्हाई उठवलास?” रंजनाने विचारलं.

कार्तिकीचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला. “कारण ठकू हलली नसती, तर केंद्रानं तिला तपासायला मलाच पाठवलं असतं. तुमच्याकडं. मी बॅग भरून ठेवली होती, आई. रोज वाटायचं, आजचा दिवस बघू, उद्या उठवू. मग एके दिवशी तूच उठवलास.” ती रडायला लागली. “मला माहेरी यायचं होतं गं.”

रंजनाने तिच्या दंडावर एक चापट मारली, जोरात नाही, पण लागेल अशी.

“मग सरळ म्हणायचंस की, मला यायचंय म्हणून! जमंलसं वाटत न्हाई म्हणं!”

“आणि तू? तू सरळ म्हणायचंस की, ये म्हणून! नुसतं बरं म्हणालीस! आधी म्हणाली होतीस, तिकडंच रहा...”

“अगं ते रागानं...”

“मला काय ठाऊक रागानं का खरं!”

दोघी एकदम बोलत होत्या, एकदम रडत होत्या. मधेच कुठेतरी एकीला हसू फुटलं आणि ते दुसरीला लागलं. स्तंझिनने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी त्याला हिंदीत सांगितलं की काळजी करू नकोस, हे असंच असतं. नदीपलीकडे ते दोन पक्षी चरत होते.

“मला हे केंद्राला लिहून द्यावं लागेल,” शेवटी कार्तिकी नाक पुसत म्हणाली. “तुझं नाव आणि माझंही. असलं बटण आपल्यासारख्यांच्या हातात नको. कदाचित ठकूचं काम माझ्याकडून काढून घेतील.”

“दे लिहून,” रंजना म्हणाली. “माझं नाव आधी घाल.”

कार्तिकीने मान हलवली. मग ती आईजवळ गवतात बसायला गेली, पण पोटामुळे तिला खाली बसता येईना. रंजना उठली आणि तिने लेकीच्या कमरेला हात घालून तिला आपल्यावर टेकू दिलं.

“आई,” कार्तिकी म्हणाली, “मला भीती वाटतेय बाळंतपणाची. तू माझ्याजवळ राहशील?”

माझ्या बायकोने तिच्या कमरेभोवतीचा हात आणखी घट्ट केला.

“राहते की,” ती म्हणाली. “विचारलंस, आता राहते.”